वहीची पूजा आणि वहीतलं लिहिणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं तीस वर्षांचं घाऊक किराणा दुकान, मुलगा एमबीए करून परत आलेला. वडील म्हणतात, धंद्याचं सगळं शहाणपण आपल्या संस्कृतीत आहे. मुलाला वाटतं ही भिंतीवर लावायची सुभाषितं आहेत, त्यावर दुकान चालत नाही. मग खरं कोणाचं, आणि उद्या सकाळी शटर उघडल्यावर वापरता येईल असं त्यात काही आहे का? शिवाय हिशेब कॉम्प्युटरवर नेण्यावरून घरात धुसफूस चालू आहे, तीही विचारली आहे.

मी गेली चौतीस वर्षं लोकांच्या वह्या तपासतोय. सांगलीचे हळदीचे अडते, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, कराड-इस्लामपूरकडचे किराणावाले आणि खतांचे दुकानदार. माझ्या मते तुमचे वडील बरोबर आहेत, फक्त ते बोट भलतीकडे दाखवत असावेत. शहाणपण श्लोकांत कमी आहे. ते बाजाराच्या रिवाजांत आहे, आणि ते रिवाज जवळजवळ सगळे एकाच गोष्टीसाठी बांधलेले आहेत: पत. माणसाची पत कशी तयार होते, कशी तपासायची, कशी जाते. बाकीचं सगळं त्यावरचं नक्षीकाम.

आधी श्लोकांचं उरकतो. मोबाइलवर रोज सकाळी चाणक्याच्या नावाने येणारी वाक्यं बाजूला ठेवा. कौटिल्याचं अर्थशास्त्र हा खरा ग्रंथ चाळलात, तर त्यात धंद्याला प्रेरणा वगैरे फारशी मिळणार नाही. त्याला लेखापरीक्षकाची नजर आहे. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार तो मोजून सांगतो: आधी आलेली रक्कम नंतर लिहिणं, नंतर येणारी आधी दाखवणं, एकाने भरलेली दुसऱ्याच्या नावावर टाकणं. माझ्याकडच्या फायलींत यातले निम्मे तरी प्रकार जसेच्या तसे सापडतील, फक्त नावं बदललेली. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसं कामावर नेमलेला माणूस पैसा कधी खातो ते कळत नाही, हे त्याचंच निरीक्षण. पण एक लक्षात घ्या. हा ग्रंथ कित्येक शतकं वाचनातून गेलेला होता. म्हैसूरच्या शामशास्त्रींना हस्तलिखित मिळालं आणि १९०९ साली तो छापून निघाला. म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा तो वाचून व्यापार करत नव्हते. ते शिकले गादीवर बसून, मोठ्यांचा ओरडा खात, कीर्द लिहिताना.

कीर्द म्हणजे रोजच्या जमा-नावेची नोंद; खतावणी म्हणजे त्यातून माणसागणिक वेगळं काढलेलं खातं. दुकान बंद करण्याआधी गल्ल्यातली रोकड आणि कीर्दीतली शिल्लक जुळलीच पाहिजे, हा रोजमेळाचा नियम. मी उमेदवारी करत होतो तेव्हा एका अडत्याकडे हा मेळ बघायला बसायचो. एकदा चाळीस रुपये कमी आले. म्हातारे म्हणाले, सकाळी बघू. दुसऱ्या एका दिवशी पंचवीस रुपये जास्त आले, तर रात्री साडेनऊपर्यंत कोणाला उठू दिलं नाही. मी विचारलं, जास्त आलेत तर घाई कसली? म्हणाले, "कमी पडले तर माझे गेले. जास्त आले म्हणजे कुणाचे तरी माझ्याकडे राहिले. तो माणूस आत्ता घरी बसून मोजत असेल, आणि उद्या यार्डात माझं नाव घेईल." पुढे परीक्षेसाठी लेखापरीक्षणाची जाडजूड पुस्तकं पाठ केली, पण हे वाक्य त्यांतल्या कुठल्याच पुस्तकाने इतकं सरळ सांगितलं नाही.

आता लक्ष्मीपूजन. नवी वही, कुंकू, वर 'श्री', बाजूला 'शुभ' आणि 'लाभ', पुढे हळकुंड-सुपारी. मला हा सोहळा मनापासून आवडतो, आणि दिवाळीत सहा-सात ठिकाणचं आमंत्रण मी टाळत नाही. पण त्यातल्या दोन-तीन ठिकाणी मला हेही माहीत असतं की पूजेतली वही मार्चपर्यंत कोरीच राहणार आहे. खरा हिशेब आर्थिक वर्षाचा, एप्रिल ते मार्च. तो कुठल्या तरी पोराने कॉम्प्युटरवर अंदाजाने भरलेला. आणि गोदामातला माल तीन वर्षांत कोणी मोजलेला नाही. मालाची शिल्लक काय, असं विचारलं की मालक आढ्याकडे बघून आकडा सांगतो. वहीची पूजा ठेवली आणि वहीत लिहिणं सोडलं, तर संस्कृती पाळली म्हणायची की सोडली? तुमच्या वडिलांना हे विचारून बघा. ते रोजमेळ करणारे असतील तर विचारायचीही गरज नाही.

आता पत या मुद्द्यावर येतो. हुंडी हा शब्द हल्ली देवळातल्या पेटीसाठी किंवा काळ्या पैशाच्या बातमीतच ऐकू येतो. पण बँका येण्याआधी शेकडो मैलांवर पैसा पोहोचवायचा तो या कागदावर, म्हणजे दुसऱ्या गावच्या पेढीला 'अमुक रक्कम द्या' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर. लोक कौतुकाने सांगतात की तेव्हा नुसत्या शब्दावर लाखोंचे व्यवहार चालायचे. हे अर्धंच खरं आहे. हुंडीचा मजकूर बघा. रक्कम आकड्यात, अक्षरात, आणि पुन्हा 'ज्याचे निमे इतके, त्याचे दुप्पट' अशी लिहिलेली, म्हणजे एखादं शून्य वाढवून चालणार नाही. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याला वेगळ्या पत्राने कळवलेलं. शाहजोग हुंडी असेल तर पैसे द्यायचे ते बाजारात पत असलेल्या ओळखीच्या सावकारालाच, कोणाही आणून देणाऱ्याला नाही. मूळ कागद हरवला तर दुसरी प्रत निघायची तिला पेठ म्हणायचे, तीही गेली तर परपेठ. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय, म्हणजे त्यात विमाच आला.

शब्दाला किंमत होतीच, पण शब्दाच्या आजूबाजूला इतका बंदोबस्त होता म्हणून ती टिकली. "आपल्यात कशाला लिहापढी, घरचीच माणसं" असं जेव्हा एखादा म्हणतो आणि वर परंपरेचा दाखला देतो, तेव्हा मला ते 'निमे, त्याचे दुप्पट' आठवतं. परंपरेत घरच्या माणसालाही तीन वेळा लिहून द्यायचे.

या पत-व्यवहाराला एक काळी बाजूही होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पत जातीतून, नात्यातून मिळायची. जो त्या जाळ्यात जन्मला नाही त्याला ती कितीही सचोटीने वागून मिळत नसे. डॉ. आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून परतले, पुढे मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. आणि त्यांची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. आजही घाऊक बाजारात कोणाला किती दिवसांची उधारी मिळते हे आडनावावरून ठरताना मी पाहतो. बोलून कोणी दाखवत नाही, खतावणीत मात्र ते दिसतं. धंद्याच्या दृष्टीनेही हा तोटाच: आडनाव बघून दिलेली उधारी बुडते, आणि वेळेवर पैसे देणारा नवा माणूस शेजारच्या दुकानात जातो.

उधारीवर जरा जास्त बोलतो, कारण घाऊक किराण्यात दुकानं बुडतात ती इथे. 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' ही म्हण कोणा पंडिताची नव्हे, माप घालणाऱ्याची आहे. तरी आपण उधारी मागायला लाजतो, आणि त्या लाजेला संस्कार म्हणतो. मी स्वतः त्यात पोळलो आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मेहुण्याबरोबर भागीत मसाल्याचा छोटा कारखाना काढला होता. एक मोठा वितरक होता, माणूस गोड, घरी बोलावून जेवायला घालायचा. दर महिन्याला बाकी वाढत गेली आणि दर महिन्याला मी तिथे श्रीखंड-पुरी खाऊन, पैशाचा विषय न काढता परत यायचो. दोन वर्षांनी त्याने दुकान आवरलं तेव्हा आमचे चार लाख त्याच्याकडे होते. कारखाना सहा महिन्यांत बंद पडला. आजी घरात उठता-बसता म्हणायची, 'भीड भिकेची बहीण.' ती म्हण मी लहानपणापासून ऐकली होती आणि चार लाखांना विकत घेतली. संस्कृती म्हणजे नुसती भीड नाही, ही म्हणसुद्धा संस्कृतीच आहे, एवढं तेव्हा सुचायला हवं होतं.

तुमच्या दुकानापुरतं कायद्याचं एक सांगून ठेवतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाकडून तुम्ही पापड, मसाले, चटण्या घेत असाल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकरात आणखी एक भर पडली आहे: अशी मुदत टळलेली देणी मार्चअखेर बाकी राहिली, तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. तुम्ही स्वतः व्यापारी असल्यामुळे विकताना या मुदतीचं संरक्षण तुम्हाला नाही; देताना मात्र बंधन आहे. म्हणजे एका बाजूने घड्याळ लागलेलं, दुसऱ्या बाजूने वडिलांचा मोकळा हात. हा मेळ बसवणं हेच तुमचं पहिल्या वर्षाचं काम समजा.

आणि बुडीत उधारी? इथे मला तुकोबा आठवतात, पण नेहमीच्या कारणासाठी नाही. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' हा चरण दुकानांत लावलेला असतो, 'उदास विचारें वेच करी' हा पुढचा भाग सहसा लावत नाहीत. ते असो. देहूचं हे घराणं महाजनकीचं, घरात वाण्याचा धंदा आणि सावकारी. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात सगळं मोडलं. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. माझ्या धंद्याच्या माणसाचं लक्ष दुसऱ्या तपशिलाकडे जातं: त्यांनी आधी खतांची वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबाचा वाटा त्याला दिला, आणि बुडवली ती फक्त स्वतःची. भागीदारीच्या दुकानात थोरला भाऊ दिलदारपणे "जाऊ दे, सोडून दे" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा धाकट्याचंही सोडत असतो. त्यावरून फुटलेली तीन घरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. माफ करायला हरकत नाही, आधी वाटणी करा. दुकानात काकांचा किंवा बहिणीचा हिस्सा असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क २००५ पासून मुलाइतकाच आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलंय.

माणसं सांभाळण्याबद्दल शिकायचं असेल तर मी कोणालाही आषाढी वारीतल्या मुक्कामाच्या तळावर एक संध्याकाळ उभं राहायला सांगतो. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. दिंड्यांचा क्रम ठरलेला, कोण रथाच्या पुढे, कोण मागे. संध्याकाळी पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारे मानकरी, हातातला दंड (चोप) उंच करतात. क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, काय झालं ते विचारतात: चालीत कोणी मध्ये घुसलं, पाण्याचा टँकर आला नाही, जागा मिळाली नाही. त्याचा तिथेच निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा, उद्या निघण्याची वेळ, आणि त्यानंतर आरती.

यात किती गोष्टी आहेत बघा. तक्रारीला वेळ ठरलेली आहे, रोजची. ती सगळ्यांसमोर होते, पण आवाज कोणा एका माणसाचा नसतो, दिंडीचा असतो, त्यामुळे पुढे होऊन बोलणारा एकटा पडत नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे तो चालत तक्रारीकडे जातो. आणि तक्रार मिटल्याशिवाय आरती होत नाही, म्हणजे देवालाही थांबावं लागतं. "माझं दार सगळ्यांना उघडं आहे" असं म्हणणारे मालक मी खूप पाहिलेत. त्या दारातून हमाल कधी आत जात नाही.

माझ्या एका धान्यवाल्या अशिलाला मी हे सांगितलं आणि शनिवारी पगार वाटण्याआधी दहा मिनिटं फक्त ऐकायची, मुकादमाला बाहेर पाठवून, असं ठरवलं. पहिले दोन शनिवार कोणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी एक जण म्हणाला, मागचं दार का बंद असतं? गोदामाचं मागचं दार दहा-बारा वर्षं कुलूपबंद होतं. कधी काळी भावाभावांत वाद झाला तेव्हा लावलेलं कुलूप. भाऊ वारले, वाद संपला, कुलूप राहिलं. त्यापायी प्रत्येक पोतं साठ-सत्तर पावलं जास्त चालत होतं. माझ्या अशिलाला किल्ली शोधायला दोन दिवस लागले.

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल तुम्ही कॉलेजात ऐकलंच असेल, म्हणून थोडक्यात. ते सिक्स सिग्मा आणि कोट्यवधींत एक चूक वगैरे सोडून द्या. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट साधी आहे: मुकादमही डबा उचलतो, आणि कमाई गटात वाटली जाते. २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स भेटायला आले तेव्हा डब्यांची वेळ चुकू नये म्हणून भेट त्यांच्या वेळेत बसवावी लागली होती. पण कोविडच्या टाळेबंदीत आणि नंतर घरून काम वाढल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांना दुसरं काम शोधावं लागलं. शिस्त, एकी, भक्ती सगळं जागच्या जागी होतं. डबा मागवणारा माणूसच ऑफिसात येईनासा झाला. संस्कृती धंदा सचोटीने चालवायला शिकवेल. गिऱ्हाईक कुठे चाललंय ते तुम्हालाच बघावं लागेल, आणि तिथे तुमचं एमबीए कामाला येईल अशी आशा आहे.

लिज्जतचं उदाहरण मात्र तुमच्या वडिलांना आवडेल, त्यांच्याच धंद्यातलं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ८० रुपये उसने घेऊन. देणगी घ्यायची नाही, तोटा आला तरी नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. पीठ एका ठिकाणी मळलं जातं, लाटायला घरी नेतात, आणि लाटलेले पापड परत वजनाने आणि नजरेने तपासून घेतले जातात. सगळ्या एकमेकींना 'बहन' म्हणतात, सगळ्या मालकीणी, आणि तरीही वजन होतं. बहन म्हटल्याने तराजू बाजूला ठेवला गेला नाही. हुंडीतलं 'निमे, त्याचे दुप्पट' ते हेच.

घर आणि दुकान यांचा गल्ला वेगळा करा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले आठ जण ऐकत नाहीत. दुकानातून साखरेचं पोतं घरी गेलं तरी ते वडिलांच्या नावे लिहा. पहिल्या महिन्यात आईला राग येईल. दिवाळीला घरात नेमकं किती गेलं हे तिलाच बघायला द्या. माझ्या बायकोने असा हिशेब पाहिला तेव्हा आमचा मुंबईचा एक फेरा तिने आपणहून रद्द केला.

राहिलं कॉम्प्युटरचं. सॉफ्टवेअर जरूर घ्या, जीएसटीची विवरणं भरायची तर हल्ली त्याशिवाय गत्यंतरच नाही. पण पहिले तीन महिने वडिलांची हाताची कीर्द बंद करू नका. रोज रात्री शटर ओढण्याआधी तिची शिल्लक, तुमच्या पडद्यावरची शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड, तिन्ही जुळवा. ज्या दिवशी जुळणार नाही त्या दिवशी दोघांनी मिळून चूक शोधा. मी असा मेळ पंधरा-वीस दुकानांत बसवून दिलाय, आणि पहिल्या महिन्यात चूक बहुतेक वेळा पडद्यावर निघते. तेव्हा तुम्ही चिडू नका. आणि दुसऱ्या महिन्यात ती वडिलांच्या कीर्दीत निघेल, तेव्हा हसू नका.